सुई आधी त्याची

"ताई, ती बाई आमच्याच बराकीत आहे. संडास एकच. मला एचआयव्ही होईल का?"

महिला कारागृहात समुपदेशनाला गेले की हा प्रश्न कोणीतरी विचारतंच. नाही होत. ताट, संडास, अंथरूण, डास यांतून हा विषाणू पसरत नाही. बराकीत एकाच सुईने एकमेकींना गोंदतात, त्याची भीती मात्र खरी. ती कोणी विचारत नाही.

हाच प्रश्न विचारणाऱ्या एकीबद्दल सांगते, ओळख बदलून. तिशीतली, आत येऊन तीन आठवडे झालेली. प्रवेशाच्या फॉर्मवर 'सुईने नशा करता का?' यापुढे 'नाही'. मी फॉर्म बाजूला सारला. समोर कागद असला की बाई आरोपीसारखी उत्तरं देते, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. दोन भेटी ती फक्त मुलाबद्दल बोलली. बोलू दिलं. तिसऱ्या भेटीत नवऱ्याची नशा निघाली.

"तू घ्यायचीस?"

"मला टोचता येत नाही. तोच टोचायचा."

"कुठल्या सुईने?"

"त्याच्याच. आधी तो, मग उरलेलं मला." ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत ती थांबली. "म्हणजे ताई, त्याचं रक्त..."

मी वाक्य पुरं केलं नाही. ते तिचं होतं.

फॉर्मवर ती खोटं बोललीच नव्हती. तिच्या हिशेबात नशा तो करायचा, ती नुसता हात पुढे करायची. अशा कितीजणी 'नाही'च्या रकान्यात बसल्या असतील! म्हणून आता मी 'घेता का' असं विचारत नाही, 'कोण टोचतं, आधी कोण' असं विचारते. आणि ते पहिल्याच दिवशी विचारायला हवं. संसर्ग टाळायच्या गोळ्या अशी सुई टोचल्यापासून 72 तासांच्या आत सुरू कराव्या लागतात, पुढे 28 दिवस घ्याव्या लागतात. आमचे तीन आठवडे गेले होते.

तिच्या संमतीने रॅपिड टेस्ट केली. निगेटिव्ह. ती रडली, हसली. मला मात्र पुढचं सांगावं लागलं, की सुई टोचल्यापासून या टेस्टमध्ये संसर्ग दिसायला 90 दिवसही लागू शकतात. जामीन त्याआधीच होणार होता. धोरण आखणाऱ्यांना माझं सांगणं इथेच असतं. संयुक्त राष्ट्रांच्या 2010 च्या बँकॉक नियमांत स्त्री कैद्यांसाठी चाचणीच्या आधी आणि नंतर समुपदेशन सांगितलं आहे, ते चांगलंच. पण विषाणूचं कॅलेंडर जामिनाच्या कॅलेंडरपेक्षा मोठं असतं. सुटताना हातात बाहेरच्या चाचणी केंद्राची चिठ्ठी हवी. पॉझिटिव्ह असेल तर विषाणू दाबून ठेवणाऱ्या गोळ्याही हव्यात, कारण त्या बंद पडल्या की काही आठवड्यांत विषाणू पुन्हा वाढतो.

शेवटच्या भेटीत ती म्हणाली, "पुन्हा वेळ आलीच तर सुई आधी माझी."

"आधी-मागे नको. तुझी वेगळी, नवी."

"दोन मागितल्या तर तो विचारेल, दुसरी कोणासाठी?"

मग त्या उत्तराचीच तालीम केली. मी नवरा झाले. तिसऱ्या खेपेला तिचा आवाज कापला नाही.