वाचकांचे प्रश्न : जहाजावरचा बॅरोमीटर, वारा आणि ओली वात

मुलगा पुढच्या महिन्यात डेक कॅडेट म्हणून रुजू होतोय. सरावासाठी जुना जहाजी अ‍ॅनेरॉइड (पाऱ्याशिवाय चालणारा, काट्याचा) बॅरोमीटर घेऊन दिला. मोबाइल नागपूरचा दाब १००४ दाखवतो, आमचा काटा ९७० वर अडलाय. दुकानदार म्हणतो, बिघाड नाही. — एक पालक, मनीषनगर

दुकानदार खरं बोलतोय. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर आहे आणि इतक्या उंचीवर दाब ३३ ते ३६ हेक्टोपास्कलने (हे हवेच्या दाबाचं एकक, तुमचे १००४ आणि ९७० त्यातच) कमी भरतो. मे महिन्यात हवा तापून विरळ झालेली असते म्हणून फरक ३३-३४ चा, डिसेंबरात ३६ च्या आसपास. मोबाइलवरचा आकडा समुद्रसपाटीला आणून दिलेला असतो. तेव्हा मागचा स्क्रू फिरवून काटा १००४ वर आणू नका. तसा लावलेला बॅरोमीटर समुद्रावर नेला की ३४ जास्त दाखवेल.

जहाजावर हाच हिशेब लहान प्रमाणात करावा लागतो. दर आठ-साडेआठ मीटरला एक हेक्टोपास्कल धरा. ब्रिजवरचा (जहाज चालवण्याच्या कक्षातला) बॅरोमीटर पाण्यापासून २५ मीटर उंच असेल, तर वाचनात ३ मिळवायचे. काही जहाजांवर काटा आधीच समुद्रसपाटीला जुळवलेला असतो. तिथे पुन्हा ३ मिळवणं ही नवख्यांची नेहमीची चूक, म्हणून पहिल्याच वॉचला (पहाऱ्याच्या पाळीला) शेजारचं दुरुस्तीचं कार्ड वाचावं. मोठं बल्क कॅरियर (सुटा माल नेणारं जहाज) रिकामं असताना सात-आठ मीटर वर तरंगतं, तेवढ्यानेही एकाचा फरक पडतो.

वाचण्याआधी काचेवर बोटाने हलकी टिचकी मारायची, कारण आतल्या तरफांच्या घर्षणाने काटा थोडा मागे राहतो. डोळा काट्याच्या बरोबर समोर हवा.

घरचा सराव म्हणून आठवडाभर दर तीन तासांनी नोंद करू द्या. सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास दाब चढलेला, पहाटे आणि दुपारी चारला उतरलेला दिसेल. उष्ण कटिबंधातल्या समुद्रावर हा रोजचा चढउतार साधारण ३ हेक्टोपास्कलचा असतो, जमिनीवर जरा जास्त. तो ओळखता आला नाही, तर दुपारची नेहमीची घट पाहून उगाच घाबरायला होतं किंवा खरी घट नजरेतून सुटते. रोजची लय वजा केल्यावरही दाब त्या ऋतूच्या सरासरीपेक्षा ३ ने कमी असेल तर वादळाचा संशय घ्यायचा. ५ ने कमी असेल तर वादळ जवळपास आहेच, असं धरून चालायचं.

अ‍ॅनिमोमीटर वाऱ्याचा वेग सरळ दाखवतो, मग परीक्षेत त्रिकोण कशाला काढायला लावतात? — वाचक, प्रतापनगर

तो दाखवतो तो भासमान वारा. जहाजाच्या स्वतःच्या चालीचा वारा त्यात मिसळलेला असतो. जहाज उत्तरेला १५ नॉटने (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) चाललंय आणि उपकरण उजवीकडून, म्हणजे पूर्वेकडून, २० नॉट दाखवतंय असं समजा. कागदावर पश्चिमेकडे, म्हणजे भासमान वारा जातो तिकडे, २० एककांची रेघ ओढा, तिच्या टोकापासून उत्तरेकडे जहाजाच्या चालीची १५ ची. सुरुवातीपासून शेवटापर्यंतची रेघ भरते २५. म्हणजे खरा वारा २५ नॉटचा आणि १२७ अंशांकडून, आग्नेयेच्या थोडा पूर्वेकडून येणारा. ब्यूफोर्ट मापनात (वाऱ्याच्या जोराच्या श्रेणीत) २० नॉट म्हणजे ५, तर २५ नॉट म्हणजे ६, आणि लॉगमध्ये (जहाजाच्या नोंदवहीत) खरा वाराच लिहायचा असतो.

उत्तराचा ताळा समुद्राशीच करावा. लाटांच्या फेसाच्या रेघा खऱ्या वाऱ्याच्या दिशेने पसरतात. अ‍ॅनिमोमीटर मास्टच्या (डोलकाठीच्या) आडोशाला आला की चुकतो, फेस चुकत नाही.

ओल्या वातीच्या थर्मामीटरची वात सारखी का बदलतात? — विद्यार्थिनी, धरमपेठ

मिठामुळे. या थर्मामीटरच्या टोकाला ओली मलमल गुंडाळलेली असते, तीच वात; शेजारच्या कोरड्या थर्मामीटरशी तुलना करून हवेतला दमटपणा काढतात. आपल्याकडे ४४ अंशांच्या कोरड्या उन्हात कूलर गार हवा देतो, तेच बाष्पीभवन इथे मोजायचं असतं. नागपूरच्या मे महिन्यात कोरड्या आणि ओल्या थर्मामीटरमध्ये वीस अंशांचं अंतर सहज पडतं. समुद्रावर ते बरेचदा दोन-तीन अंशांचंच असतं, त्यामुळे अर्ध्या अंशाची चूकही दवबिंदूचं गणित बिघडवते. खारे तुषार बसलेल्या मलमलीतून पाणी कमी उडतं, थर्मामीटर पुरेसा गार होत नाही आणि हवा आहे त्यापेक्षा दमट वाटते.

वात आठवड्याला बदलावी, तुषार उडाले असतील तर लगेच. पाणी डिस्टिल्ड वापरावं. फिरवायचा सायक्रोमीटर (कोरडा-ओला थर्मामीटर एकत्र असलेलं उपकरण) असेल तर वाऱ्याच्या बाजूला उभं राहून अर्धा-एक मिनिट फिरवा आणि थांबताच आधी ओला वाचा, मग कोरडा. लागोपाठ दोन वाचनं जुळली की नोंद करा.

वाऱ्याकडे तोंड केलं की वादळ उजवीकडे असतं, हे खरं का? — वाचक, सक्करदरा

उत्तर गोलार्धात हो. केंद्र उजव्या हाताला, थोडं मागे असतं. विषुववृत्ताजवळ हा नियम लागू पडत नाही. आणि तोंड करायचं ते खऱ्या वाऱ्याकडे. चालत्या जहाजावर गालाला लागणारा वारा घेतलात, तर वरच्या उदाहरणात अंदाज ३७ अंशांनी चुकेल.