ओले भंगार आणि भट्टीचा रस

प्रश्न : बेळगावच्या उद्यमबागेतील एका फाउंड्रीत (धातू वितळवून ओतकाम करणाऱ्या कारखान्यात) मी मेल्टिंग विभागात काम करतो. गेल्या पावसाळ्यात विजेवर तापणाऱ्या इंडक्शन भट्टीत भंगार टाकताच रस, म्हणजे वितळलेला धातू, उसळला आणि माझे दोन सहकारी पायांवर व हातांवर भाजले. चौकशीत त्यांचा निष्काळजीपणा नोंदवला गेला, पण मला ते पटत नाही. भट्टी अशी का उसळते आणि आम्ही काय करावे?
— एक वाचक, मजगाव

उत्तर : आपली शंका रास्त आहे. पाण्याची वाफ होताना त्याचे आकारमान सुमारे १,६०० पटींनी वाढते. बिडाचा (ओतीव लोखंडाचा) रस ओतकामाच्या वेळी साधारण १,३०० ते १,४०० अंश सेल्सिअस तापलेला असतो. त्याच्या पृष्ठभागाखाली ओलावा गेला की त्याची तत्क्षणी वाफ होते आणि ती बाहेर पडताना वरचा रस उडवून लावते. त्यासाठी बादलीभर पाणी लागत नाही. तुकड्याच्या खाचेत साचलेले थोडेसे पाणीही पुरते. दोन्ही तोंडे बंद असलेली नळी, जुना शॉक अॅब्सॉर्बर किंवा सिलिंडर वरून कोरडा ठणठणीत दिसला, तरी आतला ओलावा, तेल किंवा कोंडलेली हवा तापून तो फुटू शकतो.

बेळगावचा पाऊस आपण जाणतोच. जूनपासून सप्टेंबरपर्यंत भंगार उघड्या अंगणात पडून राहत असेल, तर अपघाताची तयारी भट्टीपासून दूर, त्या अंगणातच झालेली असते, आणि ज्याच्या हातून शेवटी ते भट्टीत पडते त्याच्यावर सगळा दोष टाकणे मला अन्यायाचे वाटते. भंगार कोठे उतरवायचे, त्यावर पत्रे घालायचे की नाही, ते निवडायला माणूस नेमायचा की नाही, हे निर्णय कामगार घेत नाही.

म्हणून मागणी नेमकी करावी. भंगार छपराखाली, जमिनीपासून उंचावर ठेवले जावे. बंद नळ्या व पोकळ भाग वेगळे काढून ते कापल्याशिवाय किंवा भोके पाडल्याशिवाय भट्टीकडे येऊ नयेत. आणि शक्य तेथे भंगार आधी तापवून वाळवले जावे. सर्वाधिक धोका असतो तो भट्टीत आधीच रस असताना वरून ओला माल टाकण्यात. थंड भट्टीच्या तळाशी घातलेला माल हळूहळू तापतो आणि त्यातील ओलावा धातू वितळण्यापूर्वी निघून जाऊ शकतो, पण तळाशी घालायचे म्हणून बंद नळी मात्र चालणार नाही. हाच नियम लेडलला (रस ओतण्याच्या भांड्याला), नमुना घेण्याच्या चमच्याला आणि रसावरची मळी काढण्याच्या सळईला लागू आहे : ती साधने तापवून कोरडी केल्याशिवाय रसाला लावू नयेत. भट्टीसमोरचा खड्डा व फरशी कोरडी असावी आणि सांडलेल्या रसावर पाणी कधीही मारू नये. तेथे कोरडी वाळूच वापरावी.

कपड्यांबाबत मला विशेष काळजी वाटते. पॉलिस्टरचा शर्ट उष्णतेने वितळून कातडीला चिकटतो. भट्टीजवळ जाड सुती किंवा आगरोधक कपडे, चामड्याचा एप्रन, पायांवर गेटर (नडगी व बूट झाकणारे आवरण) आणि चेहऱ्यावर ढाल हवी. पँटचे पाय बुटात खोवू नयेत, कारण उडालेला थेंब थेट बुटात उतरतो. भाजल्यास जखमेवर सुमारे वीस मिनिटे स्वच्छ, वाहते, गार पाणी सोडावे. चिकटलेले कापड ओढू नये आणि टूथपेस्ट किंवा तूप लावण्यात वेळ घालवू नये. रुग्णालयात नेण्यास मात्र उशीर करू नये.

आणखी एक विचारतो : या घटनेपूर्वी भट्टी कधी किरकोळ थुंकली होती का? कोणी भाजले नाही म्हणून अशा घटना सोडून दिल्या जातात. त्यांची तारीख, पाळी आणि भंगाराचा प्रकार लिहून ठेवलेली एक वही असती, तर चौकशीत निष्काळजीपणाच्या शेऱ्याला उत्तर देता आले असते. ती आजपासून सुरू करावी.

प्रश्न : आमच्या कारखान्यातील सूचनाफलक कन्नड व इंग्रजीत आहेत. आमच्या विभागात बहुतेक मराठी बोलणारे आहेत आणि काही उत्तर भारतातून आलेले आहेत. मराठी फलक मागितला तर भाषेचा वाद काढला असे म्हणतील, अशी भीती वाटते.
— एक वाचक, मच्छे

उत्तर : मागणी अवश्य करावी. १९४८ च्या कारखाने अधिनियमातील कलम १०८ मध्येच कारखान्यात लावायच्या वैधानिक सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत असाव्यात, असे म्हटले होते. अर्जात सीमाप्रश्नाचा उल्लेखही करू नये. आपल्या विभागात कोणती भाषा किती जण वाचतात, एवढा तक्ता जोडावा. कन्नड फलक काढायला सांगू नका. त्याच्या शेजारी मराठी व हिंदी मजकूर आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी चित्र असावे, असे सुचवा. नवा कामगार यंत्रावर उभा राहण्यापूर्वी पर्यवेक्षकाने त्याला यंत्र बंद करण्याची रीत विचारावी, ती त्याने स्वतःच्या भाषेत सांगावी आणि बटण दाबून दाखवावी.