चिलखत दिसण्यासाठी की वाचण्यासाठी?

वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

ऑनलाइन रोल-प्लेइंग गेममधील (म्हणजे ज्यात खेळणारा एखादे पात्र घेऊन कल्पित जगात वावरतो, अशा गेममधील) चिलखते खऱ्यासारखी असावीत की कल्पनेला मोकळे सोडावे, या विषयावर नाशिकहून आलेल्या तीन पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : मी आणि माझा धाकटा भाऊ रात्रीची जेवणे झाली की एक ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम खेळतो. मागच्या आठवड्यात एकाच लढाईत आम्हा दोघांना एकच चिलखत बक्षीस मिळाले. भावाच्या पात्राने ते घातले तेव्हा गळ्यापासून गुडघ्यापर्यंत सगळे अंग लोखंडाने झाकले गेले. माझ्या पात्राने तेच घातले तर पोट आणि मांड्या उघड्याच राहिल्या. संरक्षणाचा आकडा मात्र दोघांचा सारखाच! भाऊ म्हणतो, “जिथे ड्रॅगन उडतात तिथे चिलखताचा हिशेब कशाला मागतेस, ताई?” मला उत्तर सुचले नाही. माझे चुकते आहे का?
— एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : आपले चुकत नाही. मात्र आपल्या तक्रारीत दोन निरनिराळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत. त्या वेगळ्या केल्या तर भावाला उत्तर देणे सोपे जाईल आणि एका बाबतीत त्याचेही म्हणणे खरे असल्याचे आपल्या लक्षात येईल.

कल्पित जगात काहीही चालते, हे म्हणणे मुळात आपल्याच कथापरंपरेला धरून नाही. कर्णाची कवचकुंडले आठवावीत. अंगावर कवच घेऊनच मूल जन्माला येते, यापेक्षा अशक्य कल्पना कोणती असणार? पण ती एकदा स्वीकारली की पुढची सगळी कथा त्या कवचाचा हिशेब काटेकोरपणे पाळते. कवच अंगावर आहे तोवर कर्णाला मारता येत नाही, म्हणूनच इंद्राला ब्राह्मणाच्या वेषात याचक होऊन यावे लागते आणि कर्णाला ते स्वतःच्या अंगावरून कापून द्यावे लागते. कवच असले काय नि नसले काय, सारखेच, असे असते तर त्या दानाला काही मोलच उरले नसते. आपल्या गेममध्येही तलवारीने जखम होते, आगीने जीव जातो आणि चिलखताच्या चित्राशेजारी संरक्षणाचा आकडा दिलेला असतो. चिलखत जीव वाचवते, हा नियम गेमनेच घालून दिला आहे. ड्रॅगन त्या नियमात बसतो, कारण त्याच्या आगीपासून वाचण्यासाठीच तर आपण चिलखत मिळवतो. उघडे पोट त्या नियमात बसत नाही.

स्त्री-पात्रांना छातीच्या आकाराचा, दोन उंचवटे काढलेला पत्रा घालण्याची जी पद्धत आहे, तिच्याविषयीही लिहितो, कारण तिथे घोटाळा अधिक बारीक आहे. अंग पूर्ण झाकलेले असते, म्हणून पाहणाऱ्याला चूक दिसत नाही. पंधराव्या शतकातील युरोपीय योद्ध्यांच्या छातीचे पत्रे पाहिले, तर ते फुगीर, घड्याच्या पोटासारखे असतात. अनेकदा मधोमध उभी धारही काढलेली असते, जेणेकरून भाल्याचे टोक कोठेही लागले तरी घसरून बाजूला जावे. दोन उंचवट्यांच्या मध्ये खळगा ठेवला की नेमके उलटे होते : निसटलेले टोक त्या खळग्यातून थेट छातीच्या मधल्या हाडावर येते. शिवाय फुगीर पत्रा आणि अंग यांच्यामध्ये मोकळी जागा असतेच. तो पुरुषाने घातला काय आणि स्त्रीने घातला काय, बाहेरून आकार एकच दिसतो.

हे समजून घ्यायला परदेशी संग्रहालयात जायला नको, जुन्या नाशकातल्या भांडी बाजाराजवळ तांबटांचे काम पाहिले तरी पुरे. तांब्याचा सपाट पत्रा दोन्ही हातांनी धरला तर लवतो आणि हलवला की डुगडुगतो. तोच पत्रा तांबट लोखंडी खुंटावर ठेवून मठारू लागतात, ठोक्याशेजारी ठोका पडत जातो, पत्रा हळूहळू गोलाई धरतो आणि त्याचा आवाज बद्द होता तो खणखणीत होतो. घागरीचे पोट तयार झाल्यावर अंगठ्याने दाबून पाहिले, तर ते जागचे हलत नाही. पत्र्याची जाडी वाढलेली नसते, त्याला बळ आलेले असते ते गोलाईने आणि ठोक्यांनी. चिलखत घडवणाऱ्या लोहाराचे शास्त्रही याच घराण्यातले. गेमसाठी पात्रे काढणाऱ्या प्रत्येकाने अशा एखाद्या दुकानात एक दुपार घालवावी, असे मला मनापासून वाटते.

आता भावाची बाजू. अवाढव्य खांदे, शिंगांची शिरस्त्राणे, चमकणारी पाती यांना तो सूट मागत असेल, तर ती द्यावी. अशा गेममध्ये खेळणारा आपले पात्र बहुधा मागून आणि थोड्या उंचीवरून पाहतो. त्याला दिसतात ती खांदा, डोके आणि पाठ. गर्दीत कोण ढाल घेऊन पुढे उभा आहे आणि कोण मंत्र म्हणतो आहे, हे दुरून आकारावरूनच ओळखावे लागते. २००४ साली आलेल्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मधले खांदे त्यांच्या आकारासाठी प्रसिद्ध आहेत, पण त्यामागे आणखी एक साधे कारण होते. त्या काळी छातीचे चिलखत बहुतांशी पात्राच्या शरीरावरच रंगवलेले चित्र असे. खांदे आणि शिरस्त्राण तेवढे वेगळे त्रिमितीय आकार असत. चित्रकाराला खराखुरा आकार द्यायला जागा मिळे ती तिथेच, आणि मिळाली तेवढी त्याने भरून टाकली. पात्र बदलले की तेच चित्र नव्या शरीरावर ताणले जाई, त्यामुळे लोखंडही अंगाला चिकटलेल्या कापडासारखे दिसे. संगणकांची ताकद वाढली, तेव्हा ही अडचण संपायला हवी होती. सवय मात्र राहिली.

म्हणून भावाला असे विचारावे : तुझ्या पात्राचे खांदे दोन हात रुंद आहेत, ते मी मान्य करते, कारण ते तुझ्याही अंगावर आहेत आणि माझ्याही. उघडे पोट मात्र एकट्या माझ्याच वाट्याला का? हा प्रश्न वास्तव आणि कल्पना यांच्यातला नाहीच, एकाच वस्तूला दोन न्याय लावण्याचा आहे. काही गेमनी त्यावर अर्धामुर्धा उपाय केला आहे. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये २०११ पासून एका चिलखताचे गुण ठेवून त्यावर दुसऱ्या चिलखताचे रूप चढवता येते. ‘फायनल फँटसी १४’मध्येही अशी सोय आहे. त्यामुळे ज्याला जे शोभते ते त्याने घालावे, इतके स्वातंत्र्य मिळाले. पण निवडायला चांगले रूप मुळात कोणी घडवलेलेच नसेल, तर त्या स्वातंत्र्याचा उपयोग किती? आपण खेळता त्या गेमच्या निर्मात्यांना हेच लिहून कळवावे आणि सोबत दोन्ही पात्रांची चित्रे शेजारी शेजारी लावून पाठवावीत.

प्रश्न : माझा नातू खेळतो त्या गेममध्ये लोखंडी चिलखत घातलेला योद्धा उड्या मारतो, कोलांट्या घेतो. मी त्याला सांगितले, की एवढ्या वजनाखाली माणूस पडला तर त्याला उठताही येणार नाही. तो म्हणतो, “आजोबा, तुम्हीच चुकताय.” कोण बरोबर?
— एक निवृत्त शिक्षक, नाशिकरोड

उत्तर : या वेळी नातू बरोबर आहे. पंधराव्या शतकातील रणांगणावरच्या संपूर्ण लोखंडी चिलखताचे वजन साधारण वीस ते पंचवीस किलो असे आणि ते खांदे, कंबर, हात, पाय यांवर पट्ट्यांनी वाटलेले असे. पाठीवर तेवढ्याच वजनाचे पोते घेण्यापेक्षा ते कितीतरी सुसह्य. फ्रान्सचा सेनानी बुसिको शिरस्त्राण सोडून बाकी सगळे चिलखत अंगावर असताना कोलांटी घेत असे, असे त्याच्या चरित्रात नोंदलेले आहे. उठता येत नाही ही समजूत पसरण्यामागे घोड्यावरून भाल्यांनी खेळल्या जाणाऱ्या सामन्यांसाठी बनवलेली अधिक जड चिलखते असावीत, असे मला वाटते, कारण त्यांतली काही चाळीस किलोंपेक्षाही जास्त भरतात.

तरीही आपल्या शंकेत तथ्य आहे, ते थकव्याचे. लीड्स विद्यापीठातील संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चिलखत घालून चालणाऱ्याला सुमारे दुप्पट ऊर्जा लागते, असे आढळले. पायांवरचे लोखंड प्रत्येक पावलाला उचलावे लागते, हे त्याचे मोठे कारण. गेममधला योद्धा दमत नाही, इथे मात्र नातवाला आपण अडवू शकता.

प्रश्न : मी ॲनिमेशनचे शिक्षण घेत आहे. अंतिम प्रकल्पासाठी एका ऑनलाइन गेमचे मराठेशाहीवर आधारलेले, पण काल्पनिक जगातले पात्र काढतो आहे. सर म्हणतात, खांदे मोठे कर, नाहीतर पात्र उठून दिसणार नाही. वडील म्हणतात, आपल्या इतिहासाची विटंबना करू नकोस. मी दोघांचे कसे ऐकू?
— एक विद्यार्थी, पंचवटी, नाशिक

उत्तर : आपल्यापुढची अडचण खरी आहे आणि ती समजण्यासाठी प्रतापगडाचाच प्रसंग घ्यावा. १० नोव्हेंबर १६५९ रोजी अफझलखानाच्या भेटीला जाताना शिवाजी महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत घातले होते आणि खानाचा वार त्यावर वाया गेला. ते चिलखत दिसत नव्हते, हेच त्याचे सामर्थ्य होते. गेमला नेमके याच्या उलट हवे असते. तेथे चिलखत दिसले नाही तर ते असून नसल्यासारखेच. म्हणून इतिहासातले चिलखत जसेच्या तसे उचलून भागणार नाही, आणि युरोपीय योद्ध्याच्या खांद्यावर भगवा रंग फासूनही भागणार नाही.

माझा सल्ला असा, की आधी खरी वस्तू आतून बाहेर समजून घ्यावी. अंगाला लागून कापूस भरलेला दगला, त्यावर कड्यांचे चिलखत, ज्यात सर्वसाधारणपणे प्रत्येक कडी शेजारच्या चार कड्यांत गुंतलेली असते. त्यावर हवे तर चार आईना, म्हणजे छाती, पाठ आणि दोन कुशी झाकणारे चार पत्रे. डोक्यावर जिरेटोप. या शब्दातले ‘जिरे’ फारसी ‘जिरह’वरून आले आहे आणि त्याचा अर्थच कड्यांचे चिलखत. दख्खनचे ऊन आणि सह्याद्रीचे घाट यांत झपाट्याने फिरणाऱ्या घोडेस्वाराला लोखंडाचा डोंगर परवडणारा नव्हता, हेही पात्र काढताना ध्यानात असू द्यावे. आपले पात्र चपळ वाटले, तर वडिलांचे अर्धे समाधान तिथेच होईल.

मग कल्पनेचे काम सुरू करावे आणि त्यात भिऊ नये, कारण खऱ्या कारागिरांनीही ते केले आहे. जपानी सामुराईंच्या काही शिरस्त्राणांना मासा, शंख, सशाचे कान असे आकार दिलेले आढळतात. आत साधी लोखंडी वाटी असते आणि वरचा आकार कागदाच्या लगद्याचा, लाखेसारख्या रोगणाने रंगवलेला, त्यामुळे वजनाला हलका. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीला सम्राट मॅक्सिमिलियनने भेट दिलेले एक शिरस्त्राण लीड्सच्या शस्त्रसंग्रहालयात आहे. त्याला मेंढ्याची वळणदार शिंगे, माणसाचा हुबेहूब चेहरा आणि चष्माही आहे. ते मिरवण्यासाठी होते, लढण्यासाठी नव्हे, आणि घडवणाऱ्याला ते पक्के ठाऊक होते.

सरांना हवा असलेला ठळक आकार आपल्याला खांद्यांशिवायही देता येईल. जिरेटोपाचे टोक आणि मानेवर रुळणारी कड्यांची झालर वाढवावी, ढाल पाठीवर टाकावी, चार आईन्याचे पत्रे आरशासारखे उजळ ठेवून त्यांत समोरच्या शत्रूची सावली हलू द्यावी. आरसा हा अर्थ त्या नावातच आहे, तेव्हा ही जादू बाहेरून आणलेली वाटणार नाही. पत्र्यावर मठारलेल्या ठोक्यांच्या खुणा दाखवाव्यात. भांडी बाजारातल्या एखाद्या घागरीचे तिरप्या उन्हात जवळून काढलेले छायाचित्र त्यासाठी पुरेसे आहे.

तरीही खांदे हवेच असतील, तर एकमेकांवर सरकणाऱ्या अरुंद पट्ट्यांचे काढावेत, आतून चामड्याने जोडलेल्या. अखंड पत्र्याचा खांदा उभ्या पात्रावर छान दिसतो, पण पात्राने तलवार उगारली की तो थेट कानशिलात घुसतो. प्रकल्प सादर करण्यापूर्वी पात्राचा उजवा हात पूर्ण वर करून चारही बाजूंनी फिरवून पाहावा.