मालवणात जुन्या वस्तूंचं दुकान आहे, गिऱ्हाइकांच्या ईमेलची यादी कशी वाढवू?

आधी दुकानात येऊन काही न घेता जाणाऱ्यांकडे बघा. मे महिन्यात मुंबई-पुण्याची माणसं येतात, घंगाळ उचलून बघतात आणि 'गाडीत जागा नाही हो' म्हणत खाली ठेवतात. यादीत हीच माणसं हवीत. 'ईमेल द्या' म्हटलं की ती हात आखडतात, पण 'काय शोधताय?' विचारलं की बोलत सुटतात. कुणाला समईची जोडी हवी, कुणाला झोपाळ्याच्या पितळी कड्या, कुणाला सावंतवाडीचा जुना गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांचा खेळ. ते वहीत लिहा, शेजारी त्यांचा ईमेल पत्ता घ्या, आणि वस्तू हाती लागली की खरंच आधी त्यांना कळवा.

बाकीच्यांना महिन्याला एकच मेल पुरे. त्यात वस्तूही एकच असू दे, पण तिची हकिगत हवी: कुठल्या गावातून आली, कशाला वापरत, पोचा कुठे आलाय. पोच्याचा फोटो आवर्जून टाका, विश्वास त्यानेच बसतो. अशी मेल माणसं भावा-बहिणींना पुढे पाठवतात.

विकतची यादी नकोच. ईमेल पत्ते बीसीसीत टाका, म्हणजे एकाचा पत्ता दुसऱ्याला दिसत नाही. साध्या जीमेलला दिवसाला ५०० पत्त्यांची मर्यादा आहे, सध्या भरपूर झाली.

एक मात्र सांभाळा. १०० वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येते. ती विकायला परवाना लागतो आणि खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. दुबईहून कुणी मेलला उत्तर दिलं, तर हुरळून 'पाठवतो' लिहून बसू नका.