हार्वर्डने हाकलून दिलेलं ते 'साधं' जोडपं

तुमचा प्रश्न असा आहे: "विटक्या कपड्यांतलं एक जोडपं हार्वर्डला गेलं, तिथल्या अध्यक्षांनी त्यांना हिडीसफिडीस केलं, म्हणून त्यांनी स्वतःचं स्टॅनफर्ड विद्यापीठ काढलं, हा व्हॉट्सॲपवरचा मेसेज खरा आहे का? आणि हा स्टॅनफर्ड होता तरी कोण?"

मेसेज खोटा आहे. मला तो सोसायटीच्या ग्रुपवर आला, शाळेच्या ग्रुपवर आला आणि एकदा सुनेच्या माहेरच्या ग्रुपवरही आला. दरवेळी खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग. मुलाकडे कॅलिफोर्नियात सनीवेलला सहा महिने मुक्काम होता तेव्हा स्टॅनफर्ड जवळच होतं, त्यामुळे तिथे बऱ्याच फेऱ्या झाल्या आणि या माणसाबद्दल मिळेल ते वाचत गेलो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी मेसेजमधल्या चुका. त्यात म्हटलंय की यांचा मुलगा हार्वर्डला शिकत होता आणि अपघातात गेला. मुलगा हार्वर्डला कधीच नव्हता. आईवडलांबरोबर युरोपच्या प्रवासात असताना इटलीत फ्लॉरेन्सला १३ मार्च १८८४ रोजी तो टायफॉइडने गेला. सोळावं वर्ष पुरं व्हायला दोन महिने होते. एकुलतं एक मूल, तेही लग्नानंतर अठरा वर्षांनी झालेलं.

दुसरी चूक मला जास्त खटकते. 'साधं शेतकरी जोडपं'! अहो, हा माणूस कॅलिफोर्नियाचा माजी गव्हर्नर होता आणि देशातल्या एका बलाढ्य रेल्वे कंपनीचा अध्यक्ष. मेसेजमधल्यासारखा त्याला दारात चार तास ताटकळत ठेवणारा सेक्रेटरी अमेरिकेत शोधूनही सापडला नसता.

लीलँड स्टॅनफर्डचा जन्म १८२४ चा, न्यूयॉर्क राज्यातला. शिकून वकील झाला आणि विस्कॉन्सिनमध्ये वकिली थाटली. १८५२ मध्ये आगीत त्याची कायद्याची सगळी पुस्तकं जळाली. भाऊ आधीच कॅलिफोर्नियात जाऊन दुकानदारी करत होते, हाही तिकडे गेला. सोन्यासाठी जग तिथे लोटलं होतं, पण स्टॅनफर्डने कुदळ हातात घेतली नाही. खाण कामगारांना किराणा आणि अवजारं विकली. खाणवाल्याला सोनं मिळो न मिळो, पीठ आणि फावडं लागतंच. वाण्याचं डोकं म्हणतात ते हे.

पुढे सॅक्रामेंटोत तो मोठा व्यापारी झाला. तिथे थिओडोर जूडा नावाचा एक इंजिनियर सिएरा नेवाडाच्या डोंगरांतून रेल्वे नेता येईल असं सांगत पैशासाठी दारोदार फिरत होता. लोक त्याला वेडा म्हणत. चार दुकानदारांनी त्याचं ऐकलं: स्टॅनफर्ड, हंटिंग्टन, हॉपकिन्स आणि क्रॉकर. १८६१ मध्ये सेंट्रल पॅसिफिक कंपनी निघाली, स्टॅनफर्ड अध्यक्ष झाला. त्याच वर्षी तो रिपब्लिकन पक्षातर्फे गव्हर्नरपदाची निवडणूकही जिंकला. म्हणजे जानेवारी १८६२ पासून जवळपास दोन वर्षं राज्याचा प्रमुख आणि राज्याकडे मदत मागणाऱ्या कंपनीचा प्रमुख एकच माणूस होता. अर्ज करणारा तोच, मंजूर करणाऱ्यांतला वरचा माणूसही तोच. तेव्हा हे बेकायदा नव्हतं. एवढंच.

खरी गंमत पैशाच्या हिशोबात आहे. १ जुलै १८६२ ला लिंकनने पॅसिफिक रेल्वेच्या कायद्यावर सही केली. सरकार कंपनीला जमिनी देणार होतं आणि शिवाय तीस वर्षांच्या मुदतीचे कर्जरोखे: सपाटीवर मैलाला १६,००० डॉलर, डोंगरात ४८,०००. आता डोंगर कुठे सुरू होतो हे कुणी ठरवायचं? सॅक्रामेंटोपासून जेमतेम सात मैलांवर एक ओढा आहे. तिथल्या मातीचा पोत पाहून राज्याच्या भूशास्त्रज्ञाने डोंगराचा पायथा तिथेच धरला. डोळ्यांना तिथे पाटासारखी सपाटी दिसते, पण रोखे डोंगराच्या दराने निघाले. आपल्याकडे सातबारावर विहिरी खणल्या जातात, तिकडे कागदावर पर्वत उभा राहिला.

जूडाचं या चौघांशी पटेना. त्यांना बाजूला सारायला नवे भांडवलदार शोधावेत म्हणून तो पनामामार्गे न्यूयॉर्कला निघाला, वाटेत पीतज्वर झाला आणि १८६३ च्या नोव्हेंबरात गेला. पहिलं इंजिन धावलेलंही त्याला धड पाहता आलं नाही.

आणि मजूर? गव्हर्नर म्हणून पहिल्याच भाषणात स्टॅनफर्ड म्हणाला होता की आशिया आपल्या लोकसंख्येतला गाळ आमच्या किनाऱ्यावर पाठवतो. तीन वर्षांनी गोरे मजूर टिकेनात तेव्हा कंपनीने चिनी मजूर घेतले, आणि मग याच गृहस्थाने राष्ट्राध्यक्षांना लेखी कळवलं की हे लोक शांत, चिकाटीचे आणि कष्टाळू आहेत. शेवटी शेवटी कंपनीचे दहापैकी नऊ कामगार चिनी होते. ग्रॅनाइटच्या कड्यांत हातांनी बोगदे खणले, बर्फाच्या कड्यांखाली गाडले गेले. १८६७ च्या जूनमध्ये त्यांनी पगारासाठी संप केला, तर क्रॉकरने त्यांचं अन्नधान्यच तोडलं. आठवड्याभरात संप संपला.

१० मे १८६९ रोजी यूटामध्ये प्रोमाँटरीला पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून आलेले रूळ जुळले, तेव्हा समारंभाचा हातोडा स्टॅनफर्डच्या हातात होता. पहिला घाव खिळ्यावर बसलाच नाही असं सांगतात, तरी तारेवरून 'झालं' असा संदेश देशभर गेला. समारंभातला सोन्याचा खिळा विद्यापीठाच्या म्युझियममध्ये ठेवलाय. बोटाएवढी वस्तू. मी बराच वेळ काचेसमोर उभा होतो, पण त्या दिवसाच्या प्रसिद्ध फोटोत चिनी मजूर शोधावे लागतात हेच डोक्यात घोळत राहिलं.

त्यानंतरचं आयुष्य अफाट श्रीमंतीचं. सॅन फ्रान्सिस्कोत टेकडीवर हवेली, पालो आल्टोला घोड्यांचं फार्म. धावत्या घोड्याचे चारही पाय एकाच वेळी हवेत असतात का, हे ठरवायला त्याने मायब्रिज या फोटोग्राफरला पैसे दिले. १८७८ मध्ये त्या फार्मवर ओळीने कॅमेरे लावून काढलेल्या फोटोंत सिनेमाची बीजं होती. (त्यावर २५,००० डॉलरची पैज लागली होती म्हणतात, तिलाही पुरावा नाही. या माणसाच्या मागे दंतकथा फार.) १८८५ मध्ये तो सिनेटर झाला आणि तिथे त्याने चक्क कामगारांच्या सहकारी संस्थांसाठी विधेयक आणलं. संप मोडणाऱ्या कंपनीचा मालक आणि सहकार! मला हे कोडं अजून नीट सुटलेलं नाही.

आता हार्वर्डचा भाग. मुलगा गेल्यावर नवराबायको खरंच तिथे गेले होते, तसेच कॉर्नेल विद्यापीठातही गेले. सल्ला घ्यायला. हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स इलियट यांनी ती भेट नंतर लिहून ठेवली आहे. विद्यापीठ काढायला काय लागेल असं स्टॅनफर्डने विचारलं, इलियटनी जमीन-इमारती सोडून किमान पन्नास लाख डॉलरचा निधी लागेल असं सांगितलं. स्टॅनफर्डची बायको जेनबाई गंभीर झाल्या. थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग स्टॅनफर्ड हसून बायकोला म्हणाला, जमेल की आपल्याला. ना अपमान, ना सूड.

फार्मची आठ हजारांहून जास्त एकर जमीन विद्यापीठाला दिली. १ ऑक्टोबर १८९१ ला वर्ग सुरू झाले, मुलींना पहिल्या दिवसापासून प्रवेश होता आणि तेव्हा फी नव्हती. संस्थेचं अधिकृत नाव आजही मुलाच्याच नावाचं आहे: लीलँड स्टॅनफर्ड ज्युनियर विद्यापीठ.

दोनच वर्षांत, जून १८९३ मध्ये, स्टॅनफर्ड गेला. आणि ते मैलांच्या भावाने घेतलेले रोखे परत दारात आले. रेल्वेच्या कर्जातला त्याचा वाटा म्हणून सरकारने त्याच्या मालमत्तेवर दीड कोटी डॉलरचा दावा ठोकला. सगळं गोठलं. कोर्टाने जेनबाईंना घरखर्चाला महिना १०,००० डॉलर मंजूर केले, त्यात नोकरांचे पगार धरले होते. मग प्राध्यापकांना कागदोपत्री बाईंचे घरगुती नोकर ठरवण्यात आलं आणि त्या घरखर्चातून विद्यापीठ चाललं. १८९६ च्या मार्चमध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल बाईंच्या बाजूने दिला तेव्हा कुठे प्राध्यापक पुन्हा प्राध्यापक झाले.