वाचकांचे प्रश्न : बॅकटिकमधली ती ओळ

प्रश्न : मॅडम, मी बीसीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एक्सएमएल फाइल वाचणारा छोटा सी प्रोग्राम लिहिला. उबुंटूवर लिबएक्सएमएल२ या एक्सएमएल वाचायच्या लायब्ररीचं डेव्ह पॅकेज टाकलं, तरी जीसीसी (सीचा कंपायलर) म्हणतो ‘पार्सर.एच’ ही हेडर फाइल सापडत नाही. सिनियरने एक ओळ दिली : जीसीसी वाचन.सी `एक्सएमएल२-कॉन्फिग --सीफ्लॅग्ज --लिब्ज`. लगेच चाललं. मित्राच्या लॅपटॉपवर मी बॅकटिकचा (` या चिन्हांमधला) भाग आधी आणि वाचन.सी शेवटी लिहिलं, तर ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ची रांग लागली. ही कॉन्फिग काय भानगड आहे? – एक वाचक, बार्शी

उत्तर : दोन्ही ओळी जशाच्या तशा लिहून पाठवल्यात, त्यामुळे चूक लगेच सापडली. (इथे देवनागरीत छापल्यात, टाइप रोमनमध्येच करायच्या.)

एक्सएमएल२-कॉन्फिग ही लायब्ररीसोबत येणारी छोटी स्क्रिप्ट आहे, लायब्ररी कुठे आहे ते जीसीसीला कळेल अशा शब्दांत छापणारी. आधी बॅकटिक काढून नुसतं ‘एक्सएमएल२-कॉन्फिग --सीफ्लॅग्ज’ टर्मिनलवर चालवा. हेडरच्या फोल्डरचा पत्ता छापून येईल, कॅपिटल आय जोडलेला. हेडर यूएसआर/इन्क्लूडमध्ये थेट नसतात, आत लिबएक्सएमएल२ नावाच्या फोल्डरात असतात. जीसीसी तिथे आपणहून डोकावत नाही. ‘--लिब्ज’ दिलंत की स्मॉल एल लावलेलं लायब्ररीचं नाव येतं, ते लिंकरसाठी, म्हणजे तुमचा प्रोग्राम लायब्ररीला जोडणाऱ्यासाठी. बॅकटिकमुळे शेल हे छापलेलं उचलून तुमच्या ओळीत बसवतं. बस, एवढंच.

मित्राकडे क्रम उलटा झाला. लिंकर डावीकडून उजवीकडे वाचत जातो. उबुंटूचा जीसीसी त्याला सांगून ठेवतो की गरज असेल तीच लायब्ररी घे. लायब्ररी आधी आली तेव्हा तिची गरज कुणाला नव्हती, म्हणून ती सोडली गेली. मग तुमचा प्रोग्राम आला आणि फंक्शनं मागू लागला. लायब्ररी नेहमी सोर्स फाइलनंतर लिहा.

आता माझ्या लॅबमधली गोष्ट. एका मशीनवर, फक्त त्याच एका, मुलांचा प्रोग्राम लिंक होईना. एक फंक्शन सापडत नव्हतं. दोन दुपारी गेल्या, मुलं रडकुंडीला आली. शेवटी ही स्क्रिप्ट कुठेकुठे आहे ते बघायला ‘विच -ए एक्सएमएल२-कॉन्फिग’ चालवलं, तर दोन पत्ते आले. कुणीतरी पूर्वी सोर्समधून बांधलेली जुनी लायब्ररी यूएसआर/लोकलमध्ये पडून होती, आणि पाथमध्ये, म्हणजे शेल कमांड जिथे शोधतं त्या फोल्डरांच्या यादीत, तिचाच फोल्डर पुढे. तिची स्क्रिप्ट मी ‘लेस’ या फाइल वाचायच्या कमांडने उघडली. साधी शेल स्क्रिप्ट. वरच लिहिलेलं, प्रीफिक्स=/यूएसआर/लोकल. लायब्ररी बांधताना जे कोरलं गेलं तेच ती सांगत होती. मशीनवर आज काय आहे हे ती तपासत नाही. त्या दिवसापासून मी मुलांना अशी स्क्रिप्ट चालवण्याआधी उघडून वाचायला लावते, आणि तुम्हीही वाचा अशी मनापासून विनंती.

एकेकाळी बऱ्याच लायब्रऱ्यांची अशी वेगळी स्क्रिप्ट असे. खिडक्या-बटणं काढणाऱ्या जीटीके १ची जीटीके-कॉन्फिग होती. २००२मध्ये आलेल्या जीटीके २ने ती सोडून पीकेजी-कॉन्फिग धरलं, सगळ्या लायब्रऱ्यांसाठी हेच काम करणारी एक कमांड. फॉन्ट रेखाटणाऱ्या फ्रीटाइपने २०१८च्या २.९.१ आवृत्तीपासून आपली स्क्रिप्ट मुद्दाम मागितल्याशिवाय बसवणं बंद केलं. मला हे योग्य वाटतं. लॅपटॉपवर बसून रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरसाठी कंपाइल करायला घ्या, ती स्क्रिप्ट लॅपटॉपचेच पत्ते देणार! पीकेजी-कॉन्फिगमध्ये माहिती .पीसी फाइलींत वेगळी असते, आणि ‘पीकेजी_कॉन्फिग_लिबडीर’ बदलून त्याला रास्पबेरी पायच्या फाइली दाखवता येतात.

तेव्हा मित्राच्या लॅपटॉपवर आता असं लिहा : जीसीसी वाचन.सी `पीकेजी-कॉन्फिग --सीफ्लॅग्ज --लिब्ज लिबएक्सएमएल-२.०`. नाव नीट बघा, इथे ‘लिबएक्सएमएल२’ चालत नाही, मध्ये आडवी रेघ आणि शेवटी २.० लागतंच.