विचारा शिफ्टवाल्याला : एक बंडल आणि बारा वाघिणी

गेल्या अंकात कोळशावर लिहिलं आणि पत्रं आली ती बहुतेक अणुविजेबद्दलची. आधीच सांगतो, मी अणुकेंद्रात एक दिवसही नोकरी केलेली नाही. विदर्भातल्या एका औष्णिक केंद्रात एकतीस वर्षं शिफ्ट केली. पण वाफ कोळशाने झाली की युरेनियमने, हे टर्बाइनला कळत नाही. तेव्हा निम्मं अणुकेंद्र मला पाठ आहे असं धरा. उरलेलं तिथल्या मित्रांकडून आणि वाचून.

प्रश्न : दोरीवरचे कपडे झटकल्याशिवाय घरात आणता येत नाहीत, इतकी राख पडते. अणुवीज वाढली तर कोळशाची ही केंद्रं बंद होतील का?
— एक गृहिणी, पूर्व विदर्भ

ताई, आमच्या क्वार्टरमध्येही हेच होतं. बायको चादर झटकता झटकता विचारायची, "ही तुमच्या संचाची की बाजूच्या?" मी कायम बाजूच्याची सांगितली.

कोळसा किती लागतो ते आधी बघा. आमचा संच, म्हणजे बॉयलर-टर्बाइनची एक जोडी, २१० मेगावॉटचा. पूर्ण लोडवर तासाला दीडशे टनांच्या आसपास कोळसा खायचा. दिवसाला साडेतीन हजार टन, म्हणजे जवळपास एक अख्खी रेक, पूर्ण मालगाडी. पावसाळ्यात या कोळशाचा चिखल व्हायचा. वाघीण, म्हणजे मालगाडीचा डबा, टिपलरवर उलटी केली तरी बराच माल तळाला चिकटलेला. बंकरमध्ये, म्हणजे बॉयलरजवळच्या कोळशाच्या कोठीत, गेलेला खाली उतरत नसे. मग रात्री अडीच वाजता हेल्पर पोरं घण घेऊन बंकरचा पत्रा ठोकायची. ठण, ठण, ठण. आवाज थांबला की माझ्या पोटात गोळा यायचा. एकतर कोळसा सुटला, नाहीतर पोरं दमली. कोळसा दळणाऱ्या मिलच्या ॲम्पिअरचा काटा बघेपर्यंत कुठलं ते समजत नसे.

आता दुसरं दृश्य. तारापूरचे ३ आणि ४ क्रमांकाचे संच सुरू झाल्यावर आम्हा काही जणांना तिथे पाहायला नेलं होतं. एका टेबलावर इंधनाच्या बंडलचा नमुना ठेवलेला. बोटाएवढ्या जाडीच्या सदतीस नळ्या एकत्र बांधलेल्या, लांबी जेमतेम अर्धा मीटर. खरं बंडल भरतं वीसेक किलो. नैसर्गिक युरेनियमचं, न वापरलेलं असेल तर हातमोजे घालून उचलता येतं. असं एक बंडल रिॲक्टरमधून बाहेर येईपर्यंत दहा लाख युनिटांच्या आसपास वीज देतं. मी तिथेच पाकिटावर हिशेब मांडला: आमच्याकडे तेवढ्या विजेला सातशे टन कोळसा लागला असता. बारा वाघिणी. घण मारणारी पोरं आठवली, आणि खरं सांगतो, जरा राग आला. कोणावर ते सांगता येणार नाही.

धुराच्या बाबतीतही तेच. खाणीपासून केंद्र मोडीत काढेपर्यंतचा सगळा हिशेब धरून आंतरराष्ट्रीय हवामान समितीने २०१४ मध्ये जे आकडे दिले, त्यात एका युनिटमागे कोळशाचा कार्बन डायऑक्साइड ८२० ग्रॅम, अणूचा १२ ग्रॅम. अणू पवनचक्क्यांच्या पंगतीत बसतो.

मग कोळसा बंद होईल का? इतक्यात नाही. देशाच्या विजेत अणूचा वाटा तीन टक्क्यांच्या जवळपास आहे, कोळशाचा सत्तरच्या वर. एकट्या चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता २९२० मेगावॉट. तेवढी जागा भरायला आपले ७०० मेगावॉटचे चार संच लागतील. त्यातला पहिला, गुजरातेत काक्रापारला, नोव्हेंबर २०१० मध्ये पायाच्या काँक्रीटला लागला आणि व्यापारी वीज देऊ लागला जून २०२३ मध्ये. पहिलाच म्हणून वेळ लागला, पुढचे लवकर होतील असं म्हणतात. होवोत. सरकारने २०४७ पर्यंत १०० गिगावॉटचं लक्ष्य ठेवलंय आणि आज आपण दहाच्या आत आहोत. ताई, तुमचं कपडे झटकणं एवढ्यात सुटणार नाही असं म्हणायला मला वाईट वाटतं. राख कमी व्हायची असेल तर राख पकडणारी यंत्रं नीट चालवायला लावणं, हा जवळचा रस्ता आहे.

प्रश्न : सौरऊर्जा अडीच-तीन रुपये युनिटला मिळत असताना अणूसाठी एवढा खटाटोप कशाला?
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, पुणे

तुझा प्रश्न दुपारी बाराचा आहे. दुपारी बारा वाजता तूच बरोबर.

संध्याकाळी सातला मात्र कळव्याच्या लोड डिस्पॅचचा, म्हणजे राज्याच्या विजेचा ताळमेळ बघणाऱ्या केंद्राचा, फोन यायचा, "साहेब, किती वर येता?" घराघरांत दिवे, पंखे, मिक्सर, आणि सूर्य गेलेला. ती वीज आज मुख्यतः कोळसा देतो. अणुकेंद्र रात्रंदिवस एकसारखं चालतं, म्हणून कोळशाची ती जागा घेऊ शकणाऱ्या मोजक्या गोष्टींत त्याचं नाव येतं. धरणाची वीज आणि साठवणूक ही दुसरी दोन.

पण एक गोम आहे, आणि अणूवाले ती हळू आवाजात सांगतात. आपला नैसर्गिक युरेनियमवर चालणारा जड पाण्याचा रिॲक्टर गाडीच्या ॲक्सिलरेटरसारखा वरखाली करता येत नाही. संच ट्रिप झाला, म्हणजे अचानक बंद पडला, की आत झेनॉन नावाचा वायू साचायला लागतो आणि अणुक्रिया चालू ठेवणारे न्यूट्रॉन गिळत सुटतो. अर्ध्या-पाऊण तासात परत चालू केला तर ठीक, नाहीतर झेनॉन विरेपर्यंत दीड दिवस हातावर हात ठेवून बसायचं. आमचा बॉयलर बिचारा कितीही ओरडला तरी काही तासांत परत उभा राहायचा. फ्रान्समध्ये रिॲक्टर वरखाली करतात, पण त्यांचं इंधन समृद्ध केलेलं असतं आणि यंत्रंही त्या हिशेबाने बांधलेली. आपल्याकडे दुपारी सौर भरभरून आणि अणू अडून बसलेला, असं झालं तर लोड कोणी उतरवायचा? कोळशाने. म्हणजे कोळसा दुपारी झोपेल आणि संध्याकाळी परत उठेल. ही डोकेदुखी तुझ्या पिढीची. बॅटऱ्यांचा अभ्यास कर, नोकरी मिळेल.

प्रश्न : चिमणीतून निघणाऱ्या पांढऱ्या ढगात किरणोत्सार असतो का?
— एक वाचक, वापी

काक्रापारजवळचे ते प्रचंड मनोरे म्हणत असाल तर त्या चिमण्या नाहीतच, पाणी थंड करायचे मनोरे आहेत. वर दिसते ती वाफ. तसले मनोरे कोळशाच्या केंद्रातही असतात.

प्रश्न : आमच्या राजापूरकडचे लोक जैतापूरला विरोध करतात. धूर नको, अणूही नको, मग वीज यायची कुठून? मी गावी गेलो की भांडणं होतात.
— मूळ राजापूर तालुका, सध्या डोंबिवली

भांडणं थांबवा. आधी हे बघा की तुमचे गाववाले ज्या प्रकल्पाला नको म्हणतात, तो अजून कागदावर आहे. माडबनच्या पठारावर १६५० मेगावॉटचे सहा फ्रेंच रिॲक्टर, एकूण ९९०० मेगावॉट. जगात असं एकाच ठिकाणी कुठे नाही. फ्रान्समध्ये याच जातीचा पहिला रिॲक्टर, फ्लामनव्हिलचा, २००७ मध्ये बांधायला घेतला आणि ग्रिडला जोडला गेला डिसेंबर २०२४ मध्ये. फिनलंडचा २००५ ला सुरू, २०२३ ला नियमित वीज. बनवणाऱ्यांच्या घरीच सतरा वर्षं लागली. जैतापूरवर विसंबून कोळसा बंद करायला निघालो असतो, तर आज अंधारात बसलो असतो.

साखरी नाट्याचा मच्छीमार विचारतो ते समुद्राच्या पाण्याबद्दल. तो प्रश्न अडाणीपणाचा नाही, तो माझ्या धंद्यातला आहे. आमच्या संचात वाफ साडेपाचशे अंशांच्या जवळ तापायची. आपल्या जड पाण्याच्या रिॲक्टरमध्ये अडीचशेच्या आसपास, आणि फ्रेंचांचीही आमच्यापेक्षा बरीच थंड. थंड वाफेतून काम कमी निघतं. त्या सहांपैकी प्रत्येक रिॲक्टर एक युनिट वीज देताना पावणेदोन युनिटं उष्णता समुद्राला देणार, रोज, चाळीस-साठ वर्षं. पाणी किती अंशांनी वाढेल, कुठवर पसरेल, मासळी कुठे जाईल, हे त्याने विचारायचं नाही तर कोणी? आणि २०११ च्या एप्रिलमध्ये तिथे पोलीस गोळीबारात एका मच्छीमाराचा जीव गेलाय. गावात हे कोणी विसरलेलं नाही, तुम्ही डोंबिवलीत विसरला असाल.

तारापूरचा इतिहासही त्यांना माहीत असतो. नव्या दोन संचांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठवली, पुनर्वसनाचा वाद कोर्टापर्यंत गेला. मी अणुविजेच्या बाजूचा माणूस आहे. तरी सांगतो, जे रिॲक्टर उभे आहेत ते नीट चालवावेत, अर्धवट आहेत ते पुरे करावेत, आणि नवीन हवे असतील तर आधी तारापूरच्या जागीच आणखी काय बसतं ते बघावं. तिथल्या लोकांनाही पुन्हा विचारून.

प्रश्न : कचऱ्याचं काय? तो हजारो वर्षं राहतो म्हणे.
— निवृत्त शिक्षक, नाशिक

राहतो, गुरुजी. वापरलेल्या इंधनातून कामाचं ते आपण वेगळं काढतो, आणि उरलेला जहाल भाग काचेत वितळवून पोलादी डब्यांत बंद करतो. तारापूरलाही हे काम चालतं. ते डबे कायमचे पुरायची खोल जागा मात्र आपल्याकडे अजून नाही. फिनलंडने खडकात बोगदे खोदलेत.

आकारमान मात्र ध्यानात घ्या. माझा एकटा संच दिवसाला हजार-बाराशे टन राख टाकायचा. आपल्या कोळशात तिसरा हिस्सा राखच. ती पाण्यात कालवून बंधाऱ्यात सोडायची, उन्हाळ्यात वारा सुटला की ताईंच्या चादरीवर. एकतीस वर्षांत मला एकाही शिक्षकाने पत्र लिहून विचारलं नाही, "राखेचं काय?" तुम्हाला टोमणा मारत नाही. मीही कोणाला विचारलं नव्हतं.

प्रश्न : अरे, कोळशाची पेन्शन खातोस आणि कोळशाविरुद्ध लिहितोस?
— बी शिफ्टचा जुना सहकारी, नागपूर

पेन्शन कुठली रे! फंड मिळाला होता, तो दोन पोरींच्या लग्नांत गेला. आणि कोळशाविरुद्ध मी काय लिहितोय, त्याच्या निवृत्तीचं वय काढतोय. तुला आठवतं का, आपला दोन नंबरचा संच कायमचा बंद केला त्या रात्री टर्बाइन हॉलमध्ये पहिल्यांदाच एकमेकांचं बोलणं न ओरडता ऐकू आलं होतं? तू म्हणालास, "पावसाळ्याआधी सुटला बिचारा." दिवाळीनंतर नागपूरला येतोय. संत्री घेऊन ठेव.